भासऱ्यांची गूळतुला

आमच्या सासरी भासऱ्यांचं वजन दरवर्षी गुळात होत असे. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. हनुमान जयंतीला सकाळी मारुतीच्या पारासमोरच्या कडुलिंबाला कापूस मोजायचा मोठा काटा टांगायचा. एका पारड्यात भासऱ्यांनी मांडी घालून बसायचं, दुसऱ्यात गुळाच्या भेली, म्हणजे ढेपा, रचायच्या. पारडी समोरासमोर आली की ढोल वाजायचा आणि भेली फोडून गावभर गूळ वाटला जायचा. माझं माहेर सोनाळ्याकडचं. तिथे कापूस मोजत, ज्वारी मोजत. जिवंत माणूस मोजताना मी पाहिला नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी पदराआड हसले होते. दुसऱ्या वर्षापासून इतर बायकांसारखी मीही भेली मोजू लागले.

हा सासूबाईंचा नवस होता. त्यांची आधीची मुलं जगली नव्हती. भासरे जन्मले तेही सुकलेले, पाठीची हाडं दिसत होती असं त्या सांगत. पोरगं जगलं तर दरसाल त्याच्या भारोभार गूळ वाटीन, असं त्या मारुतीला बोलून बसल्या. पोरगं जगलं. पहिल्या वर्षी एका भेलीतच काम झालं आणि तीही जास्त होऊन पारडं खाली बसलं, ही गोष्ट सासूबाई दरवर्षी तितक्याच आनंदाने सांगायच्या. पुढे भेली वाढत गेल्या. सासूबाईंच्या मनात एक हिशोब पक्का बसला होता. भेल वाढली की लेकाचं आयुष्य वाढलं.

मराठी राज्य नवीन झालं त्या सुमारास आमच्या विहिरीवर इंजिन बसलं. त्याआधी भासरे स्वतः औत हाकत, मोट धरत. इंजिन आलं, सालदार वाढले, आणि भासऱ्यांना शेतात जायचं कारण उरलं नाही. गेलेच तर दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, जुंपून जात. एरवी ओट्यावर बाजेवर बसून असत. माणसं येत, चहा होई, त्यात गूळ सढळ असे. घरात ज्वारी खंडीने पिकत होती, पण भाकर गडीमाणसांसाठी. मालकाच्या ताटात गव्हाची पोळी, वर तूप. ज्वारीची भाकर मागणं भासऱ्यांना शोभलं नसतं आणि वाढणं आम्हाला. देऊळघाटच्या पलीकडचं आमचं गाव. आसपासच्या चार गावांत इतका भरलेला माणूस दुसरा नव्हता. त्यांचं पोट पुढे आलं तसा त्यांचा मान वाढला. पोरीचं स्थळ बघायला पाहुणे आले तरी लोक सांगत, ज्या घरात असा माणूस आहे त्या घरात काय कमी असणार.

मी भासऱ्यांशी कधी बोललेले नव्हते. आमच्यात तशी रीत नव्हती. डोक्यावर पदर घ्यायचा, समोर आले तर भिंतीकडे तोंड करायचं, काही सांगायचं असेल तर जाऊबाईंना सांगायचं. जाऊबाई म्हणजे त्यांची बायको. बारीक अंगाची, हळू बोलणारी, दिवसभर चुलीपाशी.

इंजिन बसून काही वर्षं झाली होती, त्या साली हनुमान जयंतीला काटा टांगला, भासरे बसले. तोलणाऱ्याने मागच्या वर्षीच्या अंदाजाने भेली रचल्या आणि भासऱ्यांचं पारडं वर गेलं.

कोणाला काही कळेना. तोलणारा काट्याची साखळी चाचपू लागला. त्याने काटा उतरवला, पुन्हा टांगला. भासरे पुन्हा बसले, पुन्हा वर गेले. तोलणाऱ्याने एक भेल काढली. तरी वर. दुसरी काढली. ढोलवाल्याने हात उचलून धरला होता, तो तसाच राहिला.

मागून कोणीतरी ओरडलं, "काऊन बे, घरी खायले भेटत नाही का?"

हशा पिकला. भासरेही हसले. पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्या गावासमोर मान वळवून जाऊबाईंकडे पाहिलं.

"माहा लेक कमी कसा भरला व?"

जाऊबाईंचं तोंड पांढरं पडलं. "म्या काय उपाशी ठेवलं काय, आत्याबाई? तुमच्याच समोर तं जेवतात."

ते खरंच होतं. जेवण कमी झालं नव्हतं, वाढलं होतं. भासऱ्यांना त्या दिवसांत सारखी भूक लागे आणि त्याहून जास्त तहान. माठ भरला की रिकामा होई. रात्री तीनतीनदा उठून ते परसात जात. चैत्र तापला होता, त्यामुळे आम्ही म्हणालो, उन्हाळी लागली. उन्हाळी लागली की आमच्याकडे गुळाचं पाणी देतात. आम्ही दिलं. लोटेच्या लोटे दिले.

आणि सासूबाईंनी त्याच दिवशी पारावर एक गोष्ट ठरवली. ज्या भेली काढाव्या लागल्या होत्या, त्या त्यांनी घरी आणल्या. त्यांचं म्हणणं, देवाला बोललेल्या मापात एवढं उणं राहिलं. हा गूळ वाटायचा नाही. हा लेकाच्याच अंगी लागला पाहिजे. दसऱ्याला पुन्हा काटा टांगू आणि उणं भरून काढू.

म्हणून भासऱ्यांना तो गूळ खाऊ घालायला सुरुवात झाली. सकाळी तुपात गूळ. दुपारी पोळीवर गूळ. संध्याकाळी मेथीचे, डिंकाचे लाडू. शिवाय दर शनिवारी अनवाणी मारुतीला जायचं. भासरे आईच्या शब्दाबाहेर नव्हते. खात होते, जात होते, आणि वाळत होते. पोट मात्र तसंच होतं. हातपाय बारीक, गाल बसलेले, आणि पोट पुढे. सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, भावाची थट्टा करत. "दादा, तुमच्या वाटचं म्या खातो, मंग तं होईल ना बरोबर?" आणि खरंच समोरचा लाडू उचलत. ह्यांचाही देह भावाच्याच वळणावर चालला होता.

परसात भासरे जिथे जात, तिथे मुंगळ्यांची रांग लागायची. मी ती रोज पाहत होते आणि रोज वरून राख टाकत होते. मुंगळे झाले की राख टाकायची, एवढंच मला माहीत होतं.

आषाढात एका सकाळी जाऊबाई अंगण सारवत होत्या. सारवलेल्या जागेवरून भासरे चालत गेले आणि मागे ओल्या शेणात लालसर डाग उमटत गेले. जाऊबाई ओरडल्या. भासरे वळून म्हणाले, "काय झालं?" त्यांना काहीच झालं नव्हतं. बाजेवर बसवून पाय उलटा केला, तर तळव्यात बाभळीचा काटा, बोटाएवढा, आत मोडलेला. भोवती मांस काळं पडलेलं. काटा त्या दिवशीचा नव्हता. कोणत्या शनिवारी गेला असेल कोण जाणे. ते त्यावर चालत होते.

जाऊबाईंनी काटा ओढून काढला. मी दारामागून पाहत होते. एवढा काटा निघताना माणसाच्या कपाळावर आठी येते, तोंडातून शब्द निघतो. भासरे तंबाखू मळत होते.

हळद-तेल बांधलं. बिब्बा लावला. कडुलिंबाच्या पाण्याने धुतलं. जखम भरेना. अंगठा आणि शेजारचं बोट निळसर झालं. श्रावण लागला तोवर बाजेजवळ गेलं की वास यायचा आणि ओट्यावर येणारी माणसं लवकर उठून जायला लागली. सासूबाई म्हणत होत्या, अंगात ताकद नाही म्हणून भरत नाही. लाडू वाढवले.

मी ह्यांना सांगितलं, "दमणी जुंपा आन् दादाले बुलढाण्याले न्या."

"माय ऐकत नाही ना व. म्हणते, दसऱ्यालोक थांबा, भार पुरा झाला का आपोआप भरन."

"दसऱ्यालोक पाय राह्यला पाह्यजे ना?"

मग मी ते केलं जे कोणी केलं नव्हतं. पदर ओढला, ओट्यावर गेले आणि भासऱ्यांशी सरळ बोलले. "दादा, उठा. दवाखान्यात जायचं आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली. सासूबाई आतून धावत आल्या. पण भासरे उठायला लागले होते. मला वाटतं, कोणीतरी सांगावं म्हणून ते वाट पाहत होते.

बुलढाण्याचे डॉक्टर उंच, सडपातळ, कमी बोलणारे होते. त्यांनी पाय पाहिला आणि पायाबद्दल काहीच न बोलता विचारलं, "तहान फार लागते?" मग एका बाटलीत लघवी आणायला सांगितली. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे काही थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. सासूबाई, जाऊबाई, हे आणि मी, सगळे टेबलाभोवती उभे होतो. निळं औषध उकळलं, हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं.

"साखर आहे. भरपूर," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी विचारलं, "कशात?"

"लघवीत. रक्तात. मधुमेह आहे यांना. किती दिवसांपासून आहे ते सांगता येणार नाही. खायला काय देता?"

सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं. तूप, गूळ, लाडू, गुळाचं पाणी. एकेक पदार्थ सांगताना त्यांचा आवाज चढत होता, कारण आता तरी कोणाला कळेल की या घरात लेकाला उपाशी ठेवत नाहीत. डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आमच्याकडे पाहून ते नुसते थक्क झाले होते.

"तुम्ही यांना गूळ देताय?"

परसातल्या मुंगळ्यांची रांग डोळ्यांसमोर आली.

मग त्यांनी सांगितलं ते मी जसं समजले तसं लिहिते. माणूस बसून राहतो, खाणं वाढत जातं, पोटावर चरबी चढते. चढता चढता अशी वेळ येते की खाल्लेली साखर अंगाला लागेनाशी होते. ती रक्तात फिरत राहते, लघवीवाटे निघून जाते, आणि अंग आपलंच मांस खाऊन दिवस काढतं. "तुमचा मुलगा भरल्या ताटावर उपाशी आहे, आजी," ते म्हणाले. पायाच्या नसा मेल्या आहेत, म्हणून काटा कळला नाही. दोन बोटं काढावी लागतील. आणखी आठवडाभर उशीर केला असता तर पायच गेला असता, कदाचित माणूसही.

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी विचारलं, "आता याले जाड कराले काय देऊ?"

"जाड करायचं नाही. पोट उतरवायचं. आज आहेत त्याहूनही थोडे उतरायला हवेत. ज्वारीची भाकर, भाजी, डाळ. पाय बरा झाला की चालायचं."

"अजून बारीक?" सासूबाईंचा आवाज फाटला. "म्या त्याले हाडाचा सापळा पाह्यला आहे डाक्तर. भेलभर होता. तुमी त्याले माघारी तिकडं धाडून राह्यले?"

डॉक्टरांना भेलीचं काही कळलं नाही. मला कळलं. त्या बाईने उभं आयुष्य भेली वाढताना पाहून सुखाने काढलं होतं, आणि आता तिला सांगत होते की तो वाढता भारच लेकाला मारत होता. मला सासूबाईंची दया वगैरे आली नाही. मला धक्का बसला होता आणि तोच मला पुरेसा होता. आमचं घर म्हणजे गावातलं सगळ्यांत खातंपितं घर. आजार गरिबाच्या घरी जातो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

बोटं काढली. भासरे घरी आले ते इंजेक्शनं घेऊन. काचेची सिरींज उकळायची, औषधाची बाटली फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. टोचायचं काम जाऊबाईंनी शिकून घेतलं. पहिल्या दिवशी त्या सुई धरून इतका वेळ बसल्या की भासरेच म्हणाले, "टोच व. काट्यापरीस लहान आहे." निळं औषध आणि दिवा माझ्याकडे. रोज सकाळी मी चुलीशेजारी नळी धरायची. विटकरी, मग पिवळी, मग हिरवी. ज्या दिवशी पहिल्यांदा निळी ती निळीच राहिली, त्या दिवशी मी ती सासूबाईंना नेऊन दाखवली. सासूबाई नळीकडे पाहायच्या नाहीत. त्या लेकाच्या गालांकडे पाहायच्या.

भाकरीवरून मोठा तमाशा झाला. भासऱ्यांच्या ताटात ज्वारीची भाकर पाहून सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. ओट्यावर येणारे लोक विचारत, "काय मालक, सालदाराचं ताट चुकून तुमच्याकडं आलं काय?" भासरे म्हणत, "हाव. आन् त्याले माहं गेलं असन तं बिचाऱ्याचं कठीण आहे." पायाची जखम भरली तसे ते कापडी बूट घालून विहिरीपर्यंत चालायला लागले. मग शेतापर्यंत. दमणी गोठ्याजवळ उभी राहिली. दसऱ्याला काटा टांगला गेला नाही.

पण हनुमान जयंती टळणार नव्हती. सासूबाई महिनाभर आधीपासून कासावीस. तुला केली तर गावासमोर लेक अजून उणा भरणार. नाही केली तर नवस मोडणार, आणि मारुती दिलेलं परत घेणार. त्यांना खरंच असं वाटत होतं. रोज उठून त्या लेकाला निरखायच्या, तो कालपेक्षा आज जास्त वाळला का म्हणून. एकदा मी त्यांना, लेक झोपलेला असताना, त्याच्या मनगटाभोवती बोटं लावून पाहताना पाहिलं. शेवटी भासरेच म्हणाले, "होऊ दे माय. जितला असन तितला."

काटा टांगला. भासरे बूट काढून पारड्यात बसले. एक पाय दोन बोटं कमी असलेला. तोलणाऱ्याने सवयीने भेली जास्तच रचल्या होत्या. भासरे एकदम वर गेले, जवळजवळ फांदीला लागले.

"गडी उडाला बे!" कोणीतरी म्हणालं. या वेळी फारसं कोणी हसलं नाही. पायाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

तोलणारा थांबला. भेल काढायला त्याचा हात होईना. तेव्हा सासूबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, पारड्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काढ एक."

त्याने काढली.

"अजून काढ."

काढली. सासूबाईंचे ओठ हलत होते. जप होता की आणखी काही, कळलं नाही. एकेक भेल निघत होती आणि भासरे खाली येत होते. दरवेळी सासूबाईंची नजर लेकाच्या चेहऱ्यावर जायची, तो अजून आहे ना हे पाहायला. भासरे चांगले होते. उन्हाने रापलेले, डोळे स्वच्छ. पारडी समोर आली. "बस," सासूबाई म्हणाल्या आणि ढोलवाल्याकडे वळल्या. "काऊन रे? वाजवत काऊन नाही?"

ढोल वाजला. भासऱ्यांनी प्रसादाचा खडा कपाळाला लावला आणि शेजारच्याच्या हातावर ठेवला. एक भेल फोडून गूळ वाटायला सुरुवात झाली. गर्दी सैल झाली, गप्पा सुरू झाल्या, आणि त्या गडबडीत कोणीतरी ओरडलं, "आता धाकल्याले बसवा! पाहू तं खरं!"

आमचे हे हसत हसत पारड्यात जाऊन बसले. लोकांना मजा हवीच होती. पारड्यात उरलेल्या भेलींवर काढलेल्या परत चढवल्या. ह्यांचं पारडं जमिनीला टेकलेलंच. आणखी चढवल्या. शेजारच्या दुकानातून दोन आणल्या.

"बाप्पा! धाकल्यानं तं दादाले मांगं टाकलं!"

शिट्ट्या झाल्या. हे पारड्यात बसून राजासारखे हात जोडत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर तेच जुनं हसू आलं, मी पाहिलं. आणि मग ते जागच्या जागी विरलं. त्यांनी ह्यांच्या पोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"उतर," त्या म्हणाल्या.

"काय झालं माय?"

"उतर खाली. आताच्या आता उतर."

हे उतरले, आणि उतरता उतरता पाणी पीत असलेल्या एका पोरीच्या हातून लोटा घेतला आणि एका दमात रिकामा केला. सकाळपासूनचा तो तिसरा लोटा. पहिले दोन मीच भरून दिले होते आणि मला काही वाटलं नव्हतं. चैत्र होता, ऊन होतं.

मी तिथून निघाले. घरी येऊन फळीवरची दवाखान्याची रिकामी बाटली काढली आणि राखेने घासायला बसले. हे मागोमाग आले. दारात उभे राहून म्हणाले, "गूळ वाटायचा सोडून हे काय करून राह्यली? दादाचं तं आता निळं असते म्हणाली ना?"

"दादासाठी नाही," मी म्हणाले. "तुमच्यासाठी."